डांबरी शीटवरचा खोटा ठपका

गच्चीवर अंथरायची डांबरी शीट म्हणजे नुसते डांबर नव्हे. पॉलिएस्टरच्या न विणलेल्या कापडाला दोन्ही अंगांनी पॉलिमर मिसळलेले डांबर चढवून ती तयार होते. मीटरभर रुंद, दहा मीटर लांब आणि तीन किंवा चार मिलिमीटर जाड असा तिचा रोल बाजारात मिळतो. खालच्या अंगाला पातळ प्लास्टिकची फिल्म असते. गॅसच्या टॉर्चने ती फिल्म जाळत, डांबर चकाकेपर्यंत वितळवत रोल पुढे सरकवला की शीट प्रायमर मारलेल्या पृष्ठभागाशी एकजीव होते. ठाणे, कल्याण आणि डोंबिवलीत ही शीट गल्लोगल्लीच्या गच्च्यांवर पडलेली आहे, आणि याच शहरांत तिच्याविषयी एक मतही घट्ट रुतून बसले आहे: शीट दोन पावसाळे टिकते, मग फुगते, फाटते आणि गळती पहिल्यापेक्षा वाढते, तेव्हा टाकायचा तर कोबा, नाहीतर सरळ पत्र्याची शेड. सोसायट्यांच्या सर्वसाधारण सभांत हे मत अनुभवाच्या जोरावर मांडले जाते. अनुभव खरा आहे. त्यातून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे, आणि त्या चुकीचा भार जुन्या इमारतींचे स्लॅब अक्षरशः वाहत आहेत.

शीटवरचा पहिला आरोप उन्हाचा. एप्रिल-मे महिन्यांत कल्याण-डोंबिवलीकडे पारा चाळिशी ओलांडतो, काळा पृष्ठभाग हवेपेक्षा कितीतरी जास्त तापतो, मग डांबर पाघळणारच, असा हा युक्तिवाद. हे वर्णन जुन्या टारफेल्टला लागू पडते. डांबरात भिजवलेले फेल्ट, कढईत उकळलेले डांबर ओतत एकावर एक चिकटवण्याची ती पद्धत ज्यांनी पाहिली आहे, त्यांच्या आठवणीतले पाघळणे आणि नंतरचे तडकणे दोन्ही खरे आहे. त्या कामात वापरले जाणारे ८५/२५ प्रतीचे डांबर साधारण ८५ अंश सेल्सिअसला मऊ पडते. आजच्या शीटमधले डांबर वेगळे आहे. इटलीत जुलिओ नाट्टा यांनी १९५४ मध्ये पॉलिप्रॉपिलीन घडवले आणि १९६३ मध्ये नोबेल पारितोषिकात त्यांचा वाटा होता. त्या प्लास्टिकच्या कारखानदारीत एक चिकट, बिनकामाचा भाग उरत असे: अटॅक्टिक पॉलिप्रॉपिलीन, बाजारातल्या भाषेत एपीपी. १९६०च्या दशकात इटलीतच तो डांबरात मिसळून पाहिला गेला, आणि मऊ पडण्याचे तापमान १५० अंशांच्या आसपास पोहोचले. डोंबिवलीतल्या मे महिन्यातली काळी गच्ची सत्तर अंशांपर्यंत तापली असे धरले तरी मधले अंतर मोठे आहे. एसबीएस नावाच्या रबरी पदार्थाची शीट जास्त लवचिक असते आणि ती मुख्यतः थंड देशांसाठी. कोकणपट्टीच्या उन्हाला एपीपी पुरेशी आहे. उन्हातले अतिनील किरण मात्र उघड्या डांबराचे पृष्ठ वर्षानुवर्षे खरवडत राहतात, हे मान्यच करायला हवे. त्यासाठी शीट झाकावी लागते. तो मुद्दा पुढे येईल.

दुसरा आरोप फुग्यांचा, आणि सगळा वाद खरे तर इथे आहे.

शीट फुगते ती कुठल्याही गच्चीवर नाही, ओल्या कोब्यावर. ठाणे-डोंबिवलीतल्या बहुतेक जुन्या गच्च्यांवर मूळ स्लॅबच्या वर विटांच्या तुकड्यांचा कोबा आहे: सिमेंटच्या राबड्यात बसवलेले तुकडे, वर सिमेंटचा गिलावा, त्यावर दोरीने पाडलेल्या चौकोनांच्या रेघा, कठड्याच्या पायथ्याशी गोल वाटा. कोब्याला केसाएवढे तडे गेले की पाणी आत शिरते आणि विटा ते धरून ठेवतात. साधी भाजलेली वीट आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंत पाणी शोषू शकते. भारतीय मानकातली कमाल मर्यादाही तीच आहे. सरासरी चार इंच जाडीच्या कोब्यात निम्मा भाग वीट धरली आणि शोषण बारा टक्केच धरले, तरी दर चौरस मीटरला दहा लिटर पाणी होते. दोनशे चौरस मीटरच्या गच्चीत मग दोन हजार लिटर पाणी साठलेले असते. हजार लिटरच्या दोन टाक्या स्लॅबवर आडव्या पसरून ठेवाव्यात, तसे.

या पाण्यावर मे महिन्यात शीट चिकटवली जाते. वरून गच्ची कोरडी ठणठणीत दिसते, कारण वरच्या गिलाव्याचा अर्धा इंच उन्हाने सुकलेला असतो. शीट बसली की पाण्याची वर जाण्याची वाट बंद होते. काळी शीट तापते, खालच्या पाण्याची वाफ होते, आणि पाण्याची वाफ होताना त्याचे आकारमान हजारपटींनी वाढते. ती वाफ शीटला जिथे चिकटपणा कमी असेल तिथून उचलते. असा फुगा चाकूने चिरला तर आतून कोमट पाणी पाझरते, विटांचा तांबूस गाळ बोटाला लागतो. शीटची खालची बाजू उलटून पाहिली तर बहुधा आणखी एक गोष्ट दिसते: प्लास्टिकची फिल्म जागोजागी न जळता तशीच शाबूत. म्हणजे टॉर्च घाईने फिरवला गेला, डांबर वितळलेच नाही, शीट चिकटली नव्हती, फक्त अंथरलेली होती. हे एवढे पुरावे समोर असताना दोष शीटच्या माथी मारणे म्हणजे ओल्या भिंतीला रंग लावून रंगाच्या कंपनीला शिव्या देण्यासारखे आहे.

ओल तपासायला यंत्र लागत नाही. दीड फूट चौकोनी पारदर्शक प्लास्टिक गच्चीवर चारही कडांनी चिकटपट्टी लावून संध्याकाळी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी उन्हे वर आल्यावर, सोळा तास झाले की, उचलायचे. खालून दव धरले असेल किंवा कोब्याचा तुकडा काळपट दिसत असेल, तर शीटचे काम थांबवायचे. गच्चीच्या चार-पाच जागी, विशेषतः पाइपच्या तोंडाशी आणि टाकीच्या सावलीत हे करायला एका माणसाला अर्धा तास लागतो. कोटेशन मागवणाऱ्या कमिटीने या चाचणीची अट घातली, तर निम्मे वाद उद्भवणारच नाहीत. ओल निघाली तर मार्ग तीन: कोबा पूर्ण काढून मूळ स्लॅबवर शीट लावणे, कोबा फोडायचा नसेल तर दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत महिने देऊन सुकवणे, किंवा वाफ बाहेर सोडणाऱ्या छोट्या नळ्या ठरावीक अंतराने बसवून मग शीट टाकणे. पहिला मार्ग खर्चाचा, पण सगळ्यांत खात्रीचा.

इथे ऋतूचा हिशेब येतो. ठाणे जिल्ह्यात पावसाळ्याच्या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. गळतीची आठवण सोसायट्यांना एप्रिलमध्ये होते, सभा मेमध्ये भरते आणि काम महिन्याच्या अखेरीस सुरू होते. मुंबईत मोसमी पाऊस सर्वसाधारणपणे ११ जूनला दाखल होतो. २०२५ मध्ये तो २६ मे रोजीच आला. मेअखेरीवर बेतलेले कोणतेही वेळापत्रक त्या वर्षी वाहून गेले असणार. कामाचा खरा काळ डिसेंबर ते मार्च आहे, आणि तो साधायचा तर कोजागरीच्या आसपास, म्हणजे गळतीच्या जागा अजून ओल्या असतानाच, पाहणी व्हायला हवी. छतावरचे डाग तेव्हा ताजे असतात. कुठे पाणी उतरले हे रहिवासी बोट ठेवून दाखवू शकतात. मेमध्ये तेच डाग वाळून पिवळ्या कडा उरतात आणि ठेकेदार गच्चीच्या मध्यभागी उभा राहून अंदाज बांधतो.

तिसरे म्हणणे असे की कोबा तीस वर्षे टिकतो. चांगला केलेला कोबा खरोखर दीर्घकाळ टिकतो, आणि नव्या इमारतीच्या नव्या स्लॅबवर, कसबी कारागिरांच्या हातून, ढाळ नीट देऊन केलेल्या कोब्याला विरोध करण्याचे कारण नाही. कोबा उन्हापासून स्लॅबचे रक्षणही करतो. पण सभांमध्ये प्रश्न असतो तो गळणाऱ्या जुन्या कोब्यावर दुसरा कोबा टाकण्याचा, कारण जुना फोडण्याचा खर्च आणि राडारोडा उतरवण्याचा त्रास नको असतो. चार इंच कोब्याचे वजन दर चौरस मीटरला दोनशे किलोच्या आसपास भरते. माणसांचा वावर असलेल्या सपाट गच्चीसाठी भारतीय मानकात धरला जाणारा वापराचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दीडशे किलो आहे. गच्चीवर माणसे, खुर्च्या, सामान यांसाठी राखलेली सगळी क्षमता दुसरा कोबा एकटाच खाऊन वर पन्नास किलोंचा बोजा टाकतो, आणि तो कायमचा. शिवाय पावसात भिजला की आणखी जड. चार मिलिमीटरची शीट दर चौरस मीटरला जेमतेम पाच किलो भरते.

हा हिशेब कागदी नाही. या पट्ट्यातल्या इमारतींनी गेल्या काही वर्षांत काय दाखवले ते सगळ्यांना आठवते. २८ जुलै २०१५ रोजी ठाकुर्लीतली मातृछाया इमारत कोसळली, त्यानंतर आठवडाभरात ४ ऑगस्टला ठाण्याच्या नौपाड्यातली कृष्णा निवास. दोन्ही जुन्या, दोन्ही भर पावसात. २० मे २०२५ रोजी कल्याण पूर्वेतल्या सप्तशृंगी इमारतीत चौथ्या मजल्यावर फरशीचे काम चालू असताना स्लॅब खाली आला आणि सहा जणांचा जीव गेला. या दुर्घटनांची कारणे प्रत्येकी निराळी आहेत आणि त्यांचा संबंध कोब्याशी जोडता येत नाही. त्यांतून कळते ते एवढेच की या शहरांतल्या जुन्या स्लॅबच्या ताकदीविषयी काहीही गृहीत धरता येत नाही. तपासणी न करता त्यावर दर चौरस मीटरला दोनशे किलो चढवण्याचा निर्णय हात वर करून घेतला जातो, ही गोष्ट भीती वाटावी अशी आहे. जुना कोबा फोडतानाही हाच विचार हवा: यांत्रिक ब्रेकरऐवजी छिन्नी-हातोडी, आणि राडारोडा गच्चीच्या एका कोपऱ्यात ढीग न करता रोजच्या रोज खाली.

याच्या उलट बाजूने एक खोटे आश्वासन शीट विकणारेही देतात, आणि त्याचाही प्रतिवाद इथेच व्हायला हवा. शीट पाणी अडवते. गंजलेली सळई ती दुरुस्त करत नाही. वरच्या मजल्यावरच्या घरात छताचे पोपडे पडून सळया उघड्या पडल्या असतील, त्यांवर तपकिरी थर सुटत असेल, तर पाणी आणि हवा वर्षानुवर्षे आत पोहोचली आहे. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो, म्हणून काँक्रीट फुटते. अशा स्लॅबवर चांगली शीट टाकली की गळती थांबते, डाग वाळतात, वर नवा रंग लागतो आणि सगळे निर्धास्त होतात. आदर्श उपविधींप्रमाणे पंधरा ते तीस वर्षांच्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण दर पाच वर्षांनी आणि तीस वर्षांवरच्या इमारतीचे दर तीन वर्षांनी व्हायचे आहे. तो अहवाल हातात आल्यावर, आधी स्लॅबची दुरुस्ती, मग शीट, हा क्रम मोडता कामा नये.

कठड्याचेही तसेच. गच्ची निर्दोष असूनही वरच्या मजल्याच्या भिंतीच्या डोक्याशी ओल येते, तेव्हा पाणी बऱ्याचदा कठड्याच्या विटांतून उतरलेले असते. कठड्याच्या माथ्याला ढाळ नसतो, बाहेरच्या प्लास्टरला भेगा असतात. पाणी शीटच्या मागच्या बाजूने, तिला वळसा घालून खाली जाते. शीट कठड्यावर तयार गच्चीच्या पातळीपासून किमान सहा इंच वर चढवून, भिंतीत कापलेल्या खाचेत तिची कड खोचून बंद करावी लागते. कोपऱ्यात ती काटकोनात दुमडू नये म्हणून आधी सिमेंटचा वाटा घालावा लागतो. नुसती भिंतीला चिकटवून सोडलेली कड दुसऱ्या उन्हाळ्यात ओठासारखी सुटते, आणि त्या फटीत पहिल्याच सरीचे पाणी जाते. गच्ची तपासायला चढलेल्या माणसाने मध्यभागी पाहण्याआधी ही कड नखाने उचलून पाहावी. दुसरी पाहण्याची जागा दोन रोलमधला जोड. लांबीच्या बाजूने चार इंच, टोकाला सहा इंच एकावर एक घेऊन टॉर्च नीट फिरला असेल, तर जोडाच्या कडेने वितळलेल्या डांबराची बारीक, सलग माळ बाहेर आलेली दिसते. माळ तुटलेली असेल, तिथे जोडही तुटलेला आहे.

चौथा आरोप वापराचा: शीट टाकली की गच्ची कामातून जाते. उन्हाळ्यात वाळवण घालता येत नाही, पाय चिकटतात, कोजागरीला खुर्च्या मांडता येत नाहीत. उघड्या शीटबाबत हे शंभर टक्के खरे आहे. खुर्चीचा पाय, शिडीचे टोक, सौर बंबाचा स्टँड यांतले काहीही तिला भोक पाडू शकते. पण शीट उघडी ठेवणे हाच मुळात अर्धवटपणा आहे. मोहेंजोदडोच्या महास्नानगृहात साडेचार हजार वर्षांपूर्वी सुमारे इंचभर जाडीचा डांबराचा थर वापरलेला सापडला, तो विटांच्या बांधकामाच्या आत झाकलेला. झाकलेल्या डांबराला ऊन लागत नाही, पाय लागत नाही. घोडबंदर रस्त्यालगतच्या मोठ्या संकुलांत पोडियमवर बागा आणि गाड्यांचे रस्ते असतात; तिथे पाणी अडवणारा थर माती आणि काँक्रीटच्या खालीच असतो, त्याला पर्यायच नाही. जुन्या सोसायटीच्या गच्चीवर शीटच्या वर विलगीकरणाचा कापडी थर आणि दोन इंचांच्या आत सिमेंटचा पातळ गिलावा किंवा लादी पुरते. तेवढा भार स्लॅबला झेपत नसेल, तर वर खनिज कणांचा थर असलेली शीट घ्यावी आणि गच्चीचे दार कुलूपबंद ठेवावे. भार झेपतो की नाही, हे पुन्हा परीक्षणाच्या अहवालातूनच कळते.

उतार आणि निचरा यांवर शीटचे समर्थक आणि विरोधक दोघेही कमी बोलतात. शंभराला एक हा किमान ढाळ. सहा मीटरच्या अंतरात सहा सेंटिमीटर. चार इंचांचा एक पाइप ताशी शंभर मिलिमीटर पावसात जेमतेम चाळीसेक चौरस मीटर गच्चीचे पाणी नेऊ शकतो, आणि तशा सरी इथे दर पावसाळ्यात येतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, कल्याण-डोंबिवलीचे सखल भाग पाण्याखाली गेले. दोनशे चौरस मीटरला दोनच पाइप आणि त्यांतल्या एकाच्या जाळीवर पिंपळाची पाने असतील, तर गच्चीचे तळे होते, आणि तळ्याखालचा प्रत्येक अर्धवट जोड उघडा पडतो. शीट पाइपच्या तोंडात आतपर्यंत वळवून चिकटवली नसेल, तर गळतीला दुसरी जागा शोधावी लागत नाही.

मग उरते शेड. पत्र्याची शेड पाऊस स्लॅबपर्यंत येऊच देत नाही, हे तिचे बळ निर्विवाद. पण शेडचे खांब कोबा फोडून स्लॅबमध्ये बोल्ट ठोकून उभे केले जातात, तिरक्या पावसाचे पाणी त्याच बोल्टांच्या भोकांतून उतरते, वादळी वाऱ्यात सगळा सांगाडा कठड्याला ओढतो, आणि महापालिकेची परवानगी वेगळी घ्यावी लागते. गच्चीची गळती सोसायटीच्या खर्चाने दुरुस्त व्हावी असे उपविधी सांगतात; शेडसाठी बऱ्याच ठिकाणी वरच्या मजल्यावरच्यांकडून जादा वर्गणी मागितली जाते, ती मागण्याला आधार नाही. दुरुस्ती निधीसाठी सदनिकेच्या बांधकाम खर्चाच्या किमान पाऊण टक्का दरवर्षी जमा करायची तरतूद आहे. ती वर्षानुवर्षे पाळली असेल, तर शीटचे काम कोणाकडेही हात न पसरता होते.

गॅरंटीविषयी थोडेच. पूर्वी शंभराच्या, आता पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर दहा वर्षांची हमी लिहून मिळते. गच्चीवर कोणी भोक पाडले तर ती रद्द, असे त्यातच असते, आणि डिश अँटेनाचा पहिला स्क्रू दिवाळीआधी बसतो. त्या कागदाऐवजी कामाच्या करारात एक कलम हवे: पाण्याची चाचणी झाल्याशिवाय शेवटचा हप्ता नाही.

ती चाचणी शीट लागल्यावर आणि वरचा गिलावा घालण्याआधी घ्यायची असते. पाइपची तोंडे बुचाने बंद करून, कठड्यालगत विटांचा आणि मातीचा बांध घालून, गच्चीवर दोन इंच पाणी भरायचे. त्याचे वजन दर चौरस मीटरला पन्नास किलो, तेवढेही स्लॅबला चालेल असे अभियंत्याने लिहून दिलेले असावे. कठड्यावर खडूने पातळीची रेघ मारायची, शेजारी एक उघडी बादली तेवढ्याच पाण्याची ठेवायची, म्हणजे उन्हाने किती पाणी उडाले ते वजा करता येते. अठ्ठेचाळीस तासांनी दोन्ही पातळ्या मोजायच्या आणि वरच्या मजल्यावरच्या प्रत्येक खोलीचे छत, माळे आणि कपाटांमागच्या भिंती धरून, हाताने चाचपायचे. पाणी बादलीपेक्षा जास्त उतरले असेल, तर बुचे काढून गच्ची वाळवायची, जोड आणि कडा पुन्हा टॉर्चने बंद करायच्या आणि पाणी पुन्हा भरायचे. दोन्ही पातळ्या जुळल्या की मगच गिलाव्याचे सिमेंट वर चढवायचे.